पान किती तास ओलं राहिलं? हिवाळी पावसात द्राक्षबाग सांभाळायला शिकताना

वडिलांनंतर बाग हातात घेतलेली किंवा नोकरी सोडून गावी परतलेली बरीच तरुण मंडळी हल्ली भेटतात. छाटणी, डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणं), विरळणी हे सगळं ती दोन हंगामांत शिकतात. गाडी अडते ती नोव्हेंबर ते मार्चच्या बेभरवशाच्या हवेपाशी. आठ-दहा दिवस आभाळ निळंशार असतं, पहाटे हुडहुडी भरते, आणि मग एका सकाळी थंडी अचानक गायब होते. दुपारपर्यंत मळभ येतं आणि संध्याकाळी फोन सुरू होतात: "काका, काय मारू?"

हा प्रश्न त्या वेळी उशिरा विचारलेला असतो. तो तीन-चार दिवस आधी विचारता यावा, यासाठी हे लिहितोय. निफाड-दिंडोरीकडची बाग डोळ्यासमोर आहे, पण तासगाव, बारामती, पंढरपूरकडच्या मंडळींनाही बहुतेक सगळं लागू पडेल.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण ती समजायला मला दोन हंगाम घालवावे लागले. एका नोव्हेंबरात बाग फुलोऱ्यात असताना रात्री जेमतेम ४ मिलिमीटर पाऊस झाला. एवढ्याशा पावसानं काय होतंय म्हणून मी निवांत राहिलो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ऊन पडलं नाही, वारा नव्हता, पानं चौदा तास ओली होती. सहाव्या दिवशी घडांवर डाऊनी (केवडा, बुरशीचा रोग) दिसला आणि त्या प्लॉटातले निम्म्याहून जास्त घड गेले. पुढच्या वर्षी त्याच अवस्थेत भर दुपारी २२ मिलिमीटर कोसळला, पण लगेच वारा सुटला, ऊन पडलं आणि दोन तासांत पानं खडखडीत वाळली. त्या वर्षी एकही घड गेला नाही. पाऊस किती पडला हा आकडा पेपरात येतो. पान किती तास ओलं राहिलं हे मात्र तुम्हालाच मोजावं लागतं, आणि पुढचं सगळं त्यावर ठरतं.

पायरी पहिली: बाग कोणत्या अवस्थेत आहे ते भिंतीवर लिहा

अंदाज बघण्याआधी आपल्या बागेचं वय माहीत हवं. गोडी छाटणीची, म्हणजे फळ धरण्यासाठीच्या छाटणीची, तारीख, त्यापुढे आजचा कितवा दिवस, हे प्रत्येक प्लॉटसाठी शेडच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवा. वाण आणि थंडी यांप्रमाणे दिवस मागेपुढे होतात, पण ढोबळमानानं १५ ते २० दिवसांत घड दिसतात, ३५ ते ४५ दिवसांच्या दरम्यान फुलोरा, ९० ते १०० च्या आसपास मण्यात पाणी उतरतं (मणी मऊ पडून गोडी भरायला लागते) आणि १२० ते १४० दिवसांत माल तयार होतो. सप्टेंबरच्या शेवटी छाटलेल्या बागेचा फुलोरा नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात येतो. बागलाणातल्या आगाप (लवकर छाटलेल्या) बागा त्याच वेळी काढणीला असतात, म्हणून एकाच पावसात कुणाची फुलं जातात आणि कुणाचे मणी तडकतात.

कोवळ्या फुटीपासून मणी वाटाण्याएवढा होईपर्यंत सगळ्यात मोठा शत्रू डाऊनी. फुलोऱ्यात तर पाऊस फुलं कुजवतो आणि गळही करतो. मणी मोठा झाला की त्याच्यावर नवा डाऊनी सहसा बसत नाही, पण देठ आणि पानं अजून धोक्यात असतात. पाणी उतरल्यानंतर प्रश्न बदलतो. मग भीती असते ती मणी तडकण्याची आणि तडकलेल्या मण्यातून घडकूज पसरण्याची. भुरी या दुसऱ्या बुरशीरोगाचं आणखी वेगळं. तिला पानावर पाणी लागत नाही, नुसती ढगाळ, दमट हवा पुरते. म्हणजे चार दिवस आभाळ आलं आणि पाऊस पडलाच नाही, तरी "सुटलो" म्हणून हात झटकता येत नाहीत.

पायरी दुसरी: हा पाऊस येतो कुठून

भूमध्य समुद्राच्या बाजूनं वरच्या हवेतल्या वेगवान पश्चिमी वाऱ्यांसोबत एकामागून एक लाटा पूर्वेकडे सरकत असतात. बातम्यांत त्यांना पश्चिमी विक्षोभ किंवा पश्चिमी चक्रावात म्हणतात. हिवाळ्यात महिन्याला अशा चार-सहा लाटा येतात. बहुतेक वरून काश्मीर, हिमाचलवर बर्फ टाकून जातात आणि आपल्याकडे फक्त थंडी कमी-जास्त होते. मात्र एखादी लाट खोल असली की तिची वाटी खाली गुजरात आणि उत्तर अरबी समुद्रापर्यंत लोंबते. त्याच वेळी खालच्या थरात अरबी समुद्राकडून किंवा बंगालच्या उपसागराकडून ओला वारा महाराष्ट्रावर येत असेल, तर वर थंड आणि खाली दमट अशी जोडी जुळते आणि आभाळ फुटतं.

दुसरा रस्ता दक्षिणेचा. नोव्हेंबर-डिसेंबरात अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र किंवा चक्रीवादळ तयार झालं, तर त्याच्या उत्तरेकडचे ढग आपल्यापर्यंत पोचतात. डिसेंबर २०१७ मधलं ओखी वादळ दक्षिण गुजरातच्या किनाऱ्याजवळ पोचेपर्यंत विरत गेलं, पण जाता जाता मुंबईपासून नाशिकपर्यंत भिजवून गेलं. १ आणि २ डिसेंबर २०२१ चा पाऊस समुद्रातला कमी दाब आणि उत्तरेतली लाट या दोन्हींचा मिळून होता. त्या वेळी गारठा आणि पाऊस एकत्र आल्यानं पुणे जिल्ह्यात उघड्यावर बसलेल्या कितीतरी मेंढ्या दगावल्या. अशा दक्षिणेच्या पावसात गार क्वचित पडते, पण तो रेंगाळतो. डाऊनीसाठी तो जास्त वाईट.

फेब्रुवारी-मार्चमध्ये जमीन तापायला लागली की उत्तरेच्या लाटेसोबत गारपीट येते. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ, मध्य महाराष्ट्रात जे झालं ते जुन्या शेतकऱ्यांना विचारा. आणि गार फक्त उन्हाळ्याच्या तोंडावरच पडते असं धरून चालू नका. २६ नोव्हेंबर २०२३ ला निफाड तालुक्यात गारांनी ऐन घडांच्या बागा झोडपल्या होत्या.

पायरी तिसरी: अंदाज वाचायला शिका

हवामान खातं महाराष्ट्राचे चार उपविभाग करतं: कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ. आपण मध्य महाराष्ट्रात, आणि हा उपविभाग नंदुरबार-जळगावपासून कोल्हापूर-सोलापूरपर्यंत पसरलेला आहे. तेव्हा टीव्हीवर "मध्य महाराष्ट्रात पाऊस" ऐकून औषधाच्या दुकानाकडे धावू नका. जिल्ह्याचा तक्ता उघडा.

त्यातला प्रत्येक शब्द मोजून वापरलेला असतो. "तुरळक ठिकाणी" म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त पाव केंद्रांवर पाऊस. "काही ठिकाणी" म्हणजे पाव ते निम्म्या, "बऱ्याच ठिकाणी" म्हणजे निम्म्या ते पाऊण, आणि त्यापुढे "बहुतेक सगळीकडे". तसंच "हलका पाऊस" म्हणजे २.५ ते १५.५ मिलिमीटर आणि "मध्यम" म्हणजे १५.६ ते ६४.४. माझा चार मिलिमीटरचा पाऊस खात्याच्या भाषेत हलकाच होता. अंदाज बरोबर होता, वाचणारा मी चुकलो होतो.

रंगांचंही तसंच. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. हे रंग सगळ्या लोकांसाठी असतात. तुमचा प्लॉट चाळिसाव्या दिवसावर आहे हे त्या रंगाला माहीत नसतं. फुलोऱ्यातल्या बागेसाठी पिवळा दिसला की मी नारिंगीच समजतो.

मी तीन टप्प्यांत बघतो. दर गुरुवारी खात्याचा पुढच्या आठवड्यांचा विस्तारित अंदाज येतो. त्यातून फक्त वारं कुठल्या बाजूला झुकतंय तेवढं घ्यायचं, त्यावर फवारणी ठरवायची नाही. दुसरा टप्पा पाच दिवसांचा जिल्हा अंदाज. मंगळवारी आणि शुक्रवारी येणारा कृषी हवामान सल्ला "मेघदूत" ॲपवर मराठीत मिळतो. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा हवामानावर आधारलेला सल्लाही न चुकता वाचा, कारण त्यात आपल्या पिकाची अवस्था धरून लिहिलेलं असतं. तिसरा टप्पा तीन तासांचा तात्काळ इशारा, वीज आणि गारपिटीसाठी.

विंडीसारख्या ॲपवर रंगीत नकाशे बघायला सगळ्यांना आवडतात. बघा, पण पद्धतशीर. आधी साडेपाच हजार मीटर उंचीवरचा वारा लावा. गुजरात-राजस्थानवर वाऱ्याच्या रेषा खाली लोंबलेल्या दिसतात का? मग दीड हजार मीटरवर या. आपल्याकडे दक्षिण किंवा आग्नेयेकडून वारा येतोय का? दोन्हींचं उत्तर हो आलं आणि दोन्ही एकाच दिवशी जुळत असतील, तर तयारीला लागा. त्यानंतर अमेरिकी आणि युरोपीय अशी दोन्ही मॉडेलं लावून पाहा. दोघांचं तीन दिवस एकमत टिकलं तर मी विश्वास ठेवतो. एक आज पाऊस दाखवतं, उद्या काढून टाकतं, परवा पुन्हा दाखवतं, तेव्हा समजायचं की हवेचंच अजून ठरलेलं नाही. कोणत्या तासाला किती मिलिमीटर, हे चार दिवस आधी सांगणाऱ्या आकड्यावर कधीही मजूर लावू नका.

रडारबद्दल एक सूचना. मुंबईचं रडार आपल्यापासून लांब, त्यात मध्ये सह्याद्री. घाटामागचे खालचे ढग त्यावर नीट उमटत नाहीत, म्हणून "रडारवर काही नाही" ही खात्री समजू नका. उपग्रहाची चित्रं जास्त उपयोगी. इन्सॅटची अवरक्त चित्रं अर्ध्या-अर्ध्या तासानं बदलतात. त्यात पांढरा शुभ्र, फुगत जाणारा ठिपका म्हणजे उंच गेलेला ढग. लागोपाठ चार चित्रं बघून तो कुठल्या दिशेला सरकतोय ते कळतं.

पायरी चौथी: आपल्या बांधावरची वेधशाळा

खर्च फार नाही. किमान-कमाल तापमापक, आर्द्रतामापक आणि पर्जन्यमापक. पर्जन्यमापक विकत नसेल घ्यायचा, तर वरून खालपर्यंत सारख्या रुंदीची सरळ बरणी मोकळ्या जागी, मांडवापासून आणि झाडापासून लांब, घट्ट बसवा आणि आतलं पाणी पट्टीनं मोजा. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला १ लिटर, म्हणजेच एकरी सुमारे चार हजार लिटर. १० मिलिमीटर पडला तर एकरात चाळीस हजार लिटर पाणी आलं, तेव्हा ठिबकचं वेळापत्रक लगेच बदला. खात्याप्रमाणे सकाळी साडेआठलाच मोजा, म्हणजे तालुक्याच्या आकड्याशी ताडता येईल.

पहाटेचं किमान तापमान रोज लिहायला लागा. माझ्या वहीतली सगळ्यात उपयोगी ओळ तीच. पारा ९-१० वर स्थिर आहे आणि दोन दिवसांत तो अचानक १५-१६ वर गेला, तर वर ढगांचं पांघरूण आणि खाली ओलावा आलाय हे नक्की. सोबत वाऱ्याची दिशा बघा. उत्तरेचा कोरडा वारा पडून पूर्वेकडून किंवा दक्षिणेकडून झुळूक यायला लागली, दहिवर जास्त वेळ टिकायला लागलं, पिशवीतलं मीठ ओलं लागायला लागलं, तर तुम्हाला दीड-दोन दिवस मिळालेत असं समजा.

आभाळातही क्रम असतो. आधी खूप उंचावर पिंजलेल्या कापसासारखे पांढरे तंतू दिसतात. मग पातळ पडदा येतो आणि रात्री चंद्राला खळं पडतं. खळं पडलं की पाऊस येतोच असं नाही, पण वरचा ओलावा वाढलाय ही साक्ष पक्की. त्यानंतर दुधी काचेतून बघावा तसा सूर्य दिसायला लागला की कामं आवरायला घ्या.

फोनमधल्या वायुभारमापकाबद्दल बरेच जण विचारतात. आपल्याकडे हवेचा दाब रोजच दोनदा वर जातो आणि दोनदा खाली येतो: सकाळी दहाच्या आणि रात्री दहाच्या सुमारास जास्त, पहाटे चारला आणि दुपारी चारला कमी. त्यामुळे दुपारी दाब घसरला म्हणून घाबरून जाण्यात अर्थ नाही. आज दुपारी चारचा आकडा काल दुपारी चारच्या आकड्याशीच ताडा.

पायरी पाचवी: पाऊस यायच्या आधी

चार-पाच दिवस हातात असतील तर आधी बाग मोकळी करा. बगलफुटी काढा, घडाजवळची गर्दी करणारी पानं काढा, शेंडे मारा. हे काम औषधापेक्षा मोठं आहे. मांडवाखाली उभं राहून वर बघितलं की जमिनीवर उन्हाचे कवडसे पडलेले दिसले पाहिजेत. ज्या बागेत कवडसा पडत नाही, तिथे ओलं पान दुपारपर्यंत वाळत नाही. युरिया आणि नत्राची खतं थांबवा, लुसलुशीत फुटीला रोग आधी धरतो. जीएची (जिबरेलिक ॲसिड या संजीवकाची) डिपिंग पावसाच्या तोंडावर असेल तर पुढे-मागे करा. पाणी उतरलेल्या बागेत माती कोरडी पडू देऊ नका. तहानलेल्या वेलीला एकदम पाणी मिळालं की मणी फुगतो, साल ताणली जाते आणि देठाजवळ चीर पडते. थोडं-थोडं, रोजचं पाणी चालू असलं तर धक्का कमी बसतो.

माल तयार असेल आणि साखर भरली असेल तर काढून मोकळे व्हा. पण अंदाजाची बातमी आली की व्यापारी दर पाडून मागतात आणि नवा माणूस घाबरून कच्चा माल देऊन बसतो. आठ दिवस बाकी असलेला माल "तुरळक ठिकाणी" या शब्दासाठी पडत्या भावात देऊ नका.

आदल्या दिवशीचं काम म्हणजे पानावर कवच चढवणं. मॅन्कोझेबसारखी स्पर्शजन्य बुरशीनाशकं पानावर पाणी पडायच्या आधी, वाळून बसलेली असतील तरच उपयोगी. पाऊस दोन तासांवर आलेला असताना मारलेलं औषध चरात वाहून जातं. निर्यातीची बाग असेल तर प्रत्येक औषधाचा काढणीपूर्व प्रतीक्षा काळ (फवारणी आणि काढणी यांच्यात सोडायचे दिवस) मांजरीच्या यादीत बघूनच पाऊल उचला. एका घाईच्या फवारणीनं अवशेषांची मर्यादा ओलांडली तर सगळा माल नाकारला जातो. मी इथे मात्रा लिहीत नाही, कारण त्या अवस्थेप्रमाणे बदलतात आणि लेबलवरची मात्रा हीच खरी.

संध्याकाळी ब्लोअरमध्ये (फवारणीच्या पंख्याच्या यंत्रात) डिझेल आहे का बघा, चर मोकळे करा, बागेच्या खालच्या टोकाला पाणी कुठे तुंबतं ते बॅटरी घेऊन एकदा फिरून या. काढून ठेवलेला कांदा, कापलेली तूर झाकून टाका. कांद्याच्या रोपवाटिकेत वाफ्याच्या कडेला पाणी जायला वाट करा, नाहीतर मर लागून अख्खा वाफा बसतो. बेदाणा शेडवर टाकलेला असेल तर कडेचे पडदे आधीच बांधून घ्या, भिजलेला बेदाणा काळा पडतो.

पायरी सहावी: गडगडायला लागलं की

बाग सोडा. हे मी अगदी कळकळीनं सांगतोय. मांडव म्हणजे लोखंडी अँगल आणि एकरभर पसरलेल्या तारा. वीज एका टोकाला पडली तर तारेतून लांबपर्यंत धावते, आणि त्या क्षणी तुमचा हात तारेवर असला तर काही उरत नाही. ढग चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा आणि तीननं भागा, तेवढे किलोमीटर वीज लांब आहे. पण खरं तर गडगडाट ऐकू आला याचाच अर्थ तुम्ही टप्प्यात आहात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं "दामिनी" ॲप २० आणि ४० किलोमीटरच्या परिघातल्या विजा दाखवतं. मजुरांच्या मुकादमाच्या फोनवरही ते टाकून द्या. पक्क्या घरात जा, झाडाखाली नको, पत्र्याच्या उघड्या शेडमध्ये नको, उघड्या ट्रॅक्टरवर नको. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. फवारणी राहिली तर राहू दे.

पायरी सातवी: पाऊस थांबल्यावरचे चोवीस तास

इथे सगळं ठरतं. डाऊनीच्या बुरशीला पानाच्या खालच्या बाजूला पाण्याचा थर लागतो. तापमान १८ ते २५ अंशांत असेल तर तीन-चार तासांचा ओलावाही तिला आत शिरायला पुरतो. हिवाळ्यात ढगाळ रात्रीचं तापमान नेमकं तिथे येऊन बसतं. म्हणून पान ओलं झाल्याची, म्हणजे पाऊस सुरू झाल्याची वेळ वहीत लिहा आणि घड्याळ तिथून सुरू झालं असं समजा.

पहिलं काम पाणी झटकणं. विजांचा कडकडाट संपल्याची खात्री झाली की प्रत्येक ओळीच्या तारा हलवत जा. वाफसा असेल (जमीन यंत्र न रुतण्याइतकी सुकली असेल) तर ब्लोअर औषधाशिवाय, नुसत्या हवेवर फिरवा. काळ्या जमिनीत ट्रॅक्टर रुतण्याचा धोका असेल तर अट्टहास करू नका. रुतलेला ट्रॅक्टर काढण्यात अर्धा दिवस जातो आणि माती दाबली जाते ती वेगळीच. अशा वेळी आमच्याकडे हातयंत्रानं मॅन्कोझेबची धुरळणी करतात. ओल्या पानावर भुकटी चिकटते आणि चिखलातही माणूस जाऊ शकतो. पानं वाळली की आंतरप्रवाही (पानाच्या आत शिरणाऱ्या) औषधाचा निर्णय घ्या, शक्यतो त्याच दिवशी. प्रत्येक वेळी एकाच गटाचं औषध मारू नका, बुरशी त्याला सरावते.

दर दोन तासांनी बागेत जा आणि घडाच्या उंचीवरचं, मधल्या गर्दीतलं एक पान उलटं करून बोट फिरवा. बाहेरच्या ओळीचं पान वाळलेलं असतं आणि माणूस फसतो. बोटाला ओल लागायची थांबली ती वेळ लिहा. दोन वेळांमधलं अंतर हा तुमचा ओलाव्याचा आकडा.

पाणी उतरलेल्या बागेत तडकलेले मणी कात्रीनं काढा आणि बागेबाहेर नेऊन पुरा. ओळीत टाकलेला मणी कुजतो आणि माश्या बोलावतो.

गार पडली असेल किंवा नुकसान दिसत असेल तर हात लावण्याआधी फोटो काढा, ठिकाण आणि वेळ उमटेल असे. पीक विम्याची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागते. त्यासाठी १४४४७ हा मदत क्रमांक आहे आणि सूचनेचा नोंदणी क्रमांक लिहून घ्यायला विसरू नका. फळपीक विमा हवामानावर आधारलेला असतो, म्हणजे भरपाई मंडळातल्या स्वयंचलित केंद्रानं काय नोंदवलं त्यावरून ठरते. गारपिटीचं संरक्षण त्यात वेगळं घ्यावं लागतं, ते विमा भरतानाच विचारा. सरकारी मदतीसाठी ३३ टक्के किंवा जास्त नुकसान पंचनाम्यात यावं लागतं. तलाठी, कृषी सहायक यांना तोंडी सांगून थांबू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

पायरी आठवी: मागून येणारी थंडी

लाट पुढे सरकली की उत्तरेचा वारा मोकळा होतो. दोन-तीन दिवसांत पारा झपकन उतरतो आणि ओल्या जमिनीवर सकाळी दाट धुई बसते. निफाड भागात किमान तापमान ४-५ अंशांच्या खाली जाणं नवं नाही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा रोज पेपरात येतो, तो बघत राहा. एवढ्या थंडीत फुगवण थांबते आणि पाणी उतरलेले मणी पुन्हा तडकतात. पहाटे विहिरीचं पाणी ठिबकनं सोडा. ते हवेपेक्षा कोमट असतं आणि ओली जमीन ऊब धरून ठेवते. शेकोट्या पेटवून धूर करण्याची आपली जुनी रीत आहे. माझा अनुभव असा की त्यानं फरक पडतो तो थोडाच, पाण्यानं जास्त.

पायरी नववी: पाचव्या ते सातव्या दिवसाची पिशवी

डाऊनी आत शिरला असेल तर बाहेर दिसायला साधारण पाच ते सात दिवस लागतात. त्या दिवसांत सकाळी बागेत फिरा आणि पानं सूर्याकडे धरून बघा. तेलाचा थेंब पडावा तसा पिवळसर, गोल डाग दिसला की संशय घ्या. पण असा डाग औषधाच्या चटक्यानंही पडतो, म्हणून पिशवीची चाचणी करा. संशयित चार-पाच पानं तोडा, ओल्या वर्तमानपत्रात सैल गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि रात्रभर घरात अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. सकाळी पान उलटं करा. डागाच्या मागे साखर भुरभुरल्यासारखी पांढरी लव आली असेल तर डाऊनी जिवंत आहे, त्याच दिवशी फवारणी घ्या आणि ती पानं, ती फूट बाहेर काढा. डाग तपकिरी, कोरडा आणि मागची बाजू स्वच्छ असेल तर तो वाळलेला आहे. फवारणी घेऊ नका, पण दोन दिवसांनी दुसऱ्या ओळीतली पानं घेऊन पिशवी पुन्हा बांधा.